कुटुंब आरोग्याच्या संस्थेचा निधी: अनुदानं मिळवणं, सांभाळणं आणि कधी नाकारणं

ओटी

नमस्कार मंडळी,

कुटुंब आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत निधीची सगळी जबाबदारी आता माझ्याकडे आली आहे. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपणानंतरच्या घरभेटी, स्तनपानाबद्दल मार्गदर्शन, बाळांच्या लसीकरणाचा पाठपुरावा आणि पाळणा लांबवण्याच्या साधनांबद्दल सल्ला, असं आमचं काम आहे. संस्था दोन अनुदानांवर उभी आहे आणि त्यातलं मोठं अनुदान वर्षअखेरीला संपतंय. नवीन फंडरसाठी, म्हणजे अनुदान देणाऱ्या संस्थेसाठी, प्रस्ताव लिहायला घेतलाय, पण चार गोष्टी अडतायत.

एक, फंडरला बारा महिन्यांचा प्रकल्प हवाय आणि त्यात 'मातामृत्यू कमी झाले' असा परिणाम दाखवायचाय. दोन, व्यवस्थापन खर्चाला ते दहा टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. तीन, बाळांचे खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्या मातांच्या शिबिरांचा खर्च उचलायची तयारी दाखवलीय. चार, विश्वस्तांना वैयक्तिक देणग्यांची मोहीम हवी आहे आणि त्यासाठी जमलेल्या रकमेवर टक्केवारी घेणारा एक माणूस त्यांच्या मनात आहे.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत. ओळीने सगळ्याचं उत्तर द्यायची गरज नाही, ज्याला जे ठाऊक असेल ते सांगा.

पोच

मी बरीच वर्षं फंडरच्या बाजूला बसून प्रस्ताव वाचलेत, म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

मातामृत्यूचं वचन देऊ नका. मातामृत्यूचं प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये २०३० पर्यंत जगाची सरासरी ७० च्या खाली आणायची असं ठरलंय. आता तुमच्या कार्यक्षेत्रात वर्षाला हजार बाळंतपणं होतात असं धरा. प्रमाण ७० असेल तर वर्षात सरासरी एकापेक्षाही कमी मृत्यू अपेक्षित. प्रमाण २०० असलं तरी अपेक्षा दोन मृत्यूंची. मग एखाद्या वर्षी तीन आणि पुढच्या वर्षी एक झाला तर 'मृत्यू दोन तृतीयांशांनी घटले' असं लिहिता येईल, पण त्याचा तुमच्या कामाशी संबंध होता की तो योगायोग, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि आकडा उलटा गेला तर त्याच कागदावर तुमचं चांगलं काम अपयशी ठरेल. फंडरला हे हिशेबासकट समजावून सांगा. समजूतदार असेल तर मान्य करतो, माझा तरी तसाच अनुभव आहे.

त्याऐवजी मृत्यूकडे नेणाऱ्या वाटेवर तुम्ही काय अडवता ते मोजा. पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवणाऱ्या किती, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन ठरलेल्या वेळी तपासलेल्या किती, धोक्याची लक्षणं दिसल्यावर मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या किती आणि त्यातल्या तिथे खरोखर पोचलेल्या किती. शेवटचा आकडा फार थोड्या संस्था देतात. चिठ्ठी दिली म्हणजे बाई पोचली असं होत नाही, आणि नेमका हाच आकडा वाचणाऱ्याला थांबवतो.

आता बारा महिन्यांचं. एक कागद घ्या आणि त्यावर एका बाईचा प्रवास मांडा. अनुदान सुरू झाल्यावर भरती, प्रशिक्षण, साहित्य यांत दोन महिने जातात, म्हणजे काम तिसऱ्या महिन्यात सुरू. त्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी एक बाई बाराव्या आठवड्यात असताना नाव नोंदवते. तिचं बाळंतपण साधारण साडेसहा महिन्यांनी, म्हणजे प्रकल्पाच्या नवव्या महिन्यात. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध मिळालं का, हे कळणार पंधराव्या महिन्यात. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर जिथे गोवराची पहिली लस देतात तिथे ती दिली गेली का, हे प्रकल्पाच्या अठराव्या महिन्यात. तुमचं अनुदान तर बाराव्या महिन्यात संपलं!

बाराव्या आठवड्यातली नोंदणी ते बाळंतपणानंतरचे सहा आठवडे असा पूर्ण प्रवास फक्त तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात आलेल्या बायकांचाच होतो. बाकी सगळ्या अहवालात अर्धवट दिसतात. म्हणून चोवीस महिने मागा. देत नसतील तर पहिल्या वर्षी पाचव्या, सातव्या महिन्यातल्या गरोदर बायकाही घ्या आणि स्तनपान, लसीकरण यांचे आकडे दुसऱ्या टप्प्यात येतील असं प्रस्तावातच स्पष्ट लिहा.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात किमान आठ संपर्क सांगितले, त्याआधीची शिफारस चारची होती. बारा आठवड्यांपर्यंत पहिला, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्यात. म्हणजे आठांपैकी पाच शेवटच्या दहा आठवड्यांत येतात. जुन्या प्रस्तावातून चार भेटींचं बजेट तसंच उचललं किंवा वर्षभराचा प्रवासखर्च बाराने भागून टाकला, तर ऐन बाळंतपणांच्या महिन्यांत पैसे कमी पडतात.

नवखा_प

पोच, हा एका बाईच्या प्रवासाचा कागद मी आजच आमच्या टीमसमोर ठेवणार आहे. आमचाही प्रस्ताव बारा महिन्यांचाच आहे. वाचनखूण साठवली.

कीर्दखतावणी

दहा टक्क्यांबद्दल लिहितो. मी संस्थांचे हिशेब बघतो.

आधी एका घरभेटीला खरा किती खर्च येतो ते काढा. बहुतेक जण कार्यकर्तीचा पगार आणि प्रवास धरून थांबतात. पण ती भेट होण्यासाठी तिच्या रजेच्या दिवसांचा पगार लागतो, तिच्यावर देखरेख करणाऱ्या नर्सचा वेळ लागतो, प्रशिक्षण, फोन, नोंदवही, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि त्याची दुरुस्ती लागते, कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, ऑडिट लागतं. हे सगळं धरून येणारी रक्कम म्हणजे भेटीची खरी किंमत. ती फंडरच्या मर्यादेत बसत नसेल तर फरक कुणीतरी भरतंच. बहुतेक वेळा कर्मचारीच भरतात, कमी पगार घेऊन. मग चांगली माणसं सोडून जातात आणि पुढच्या अनुदानात भरतीचे दोन महिने पुन्हा सुरू.

यात करण्यासारखं बरंच आहे. देखरेख करणारी नर्स, माहिती भरणारा, प्रकल्पाचा फोन, प्रकल्पाचं ऑडिट हे व्यवस्थापन खर्चात ढकलायचं काहीच कारण नाही. ते थेट या प्रकल्पासाठी लागतात, तर थेट खर्चातच दाखवा. जे खरोखर सामायिक आहे, म्हणजे भाडं, वीज, संचालकांचा वेळ, त्याच्या वाटपाचा एक लेखी नियम करा. कर्मचाऱ्यांच्या तासांवर वाटा किंवा वापरलेल्या जागेवर, पण सगळ्या अनुदानांना तोच नियम लावा. एका फंडरसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा असं केलं की ऑडिटमध्ये अडकलात.

फंडरशी बोलताना एक दाखला कामाला येतो. अमेरिकेच्या सरकारी अनुदानांमध्ये ज्या संस्थेचा व्यवस्थापन खर्चाचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही तिला अप्रत्यक्ष, म्हणजे व्यवस्थापनाच्या, खर्चासाठी थेट खर्चाच्या ठराविक भागावर सरसकट १० टक्के घेता यायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती मर्यादा १५ टक्के झाली. त्याच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये, तिथल्या संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की निव्वळ ओव्हरहेडच्या, म्हणजे व्यवस्थापन खर्चाच्या, टक्क्यांवरून संस्थेची लायकी ठरवू नका. तुमचा फंडर कुठलाही असो, हे समोर ठेवून बोलणी करा.

ओटी

कीर्दखतावणी, कर्मचाऱ्यांच्या तासांबद्दल जरा विस्ताराने सांगाल का? आमची एकच नर्स दोन्ही अनुदानांत काम करते. एकात तिचा साठ टक्के पगार लागतो, दुसऱ्यात चाळीस.

कीर्दखतावणी

मग तिचं टाइमशीट हा तुमच्या संस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद समजा.

बजेटमध्ये साठ-चाळीस लिहिलंय म्हणून खर्चही डोळे मिटून साठ-चाळीस टाकायचा नाही. रोज किती तास कोणत्या प्रकल्पात गेले ते तिने स्वतः लिहायचं. रजा आणि संस्थेच्या बैठका वेगळ्या रकान्यात. महिनाअखेरीला तिची सही, वरिष्ठांची सही, आणि त्या प्रमाणात पगाराची नोंद. महिन्यात प्रत्यक्ष सत्तर-तीस निघालं तर सत्तर-तीस टाका आणि तसंच चालत राहिलं तर फंडरला कळवून बजेट बदलून घ्या.

तिसरं अनुदान आलं की खरी परीक्षा. प्रत्येक प्रस्ताव वेगळ्या वेळी लिहिला जातो, प्रत्येकात 'नर्स, पन्नास टक्के' असं पडतं आणि तिन्ही मंजूर होतात. बेरीज दीडशे. एकाच माणसाचा तोच तास दोन फंडरांना लावणं याला क्षमा नाही, हेतू कितीही चांगला असो. म्हणून एक साधा तक्ता ठेवा: डावीकडे प्रत्येक कर्मचारी, वर प्रत्येक अनुदान, मिळालेलं आणि मागितलेलं दोन्ही. आडवी बेरीज शंभराच्या वर जाताना दिसली की प्रस्ताव पाठवायच्या आधीच थांबा.

दर महिन्याला आणखी एक तक्ता हवा: प्रत्येक हेडखाली (बजेटमधल्या खर्चाच्या प्रत्येक बाबीखाली) मंजूर रक्कम, झालेला खर्च, शब्द दिलेला पण अजून न झालेला खर्च, आणि शिल्लक. अर्धी मुदत उलटली आणि खर्च वीस टक्क्यांवर असेल तर ती बचत नव्हे. काम मागे पडलंय. तेव्हाच फंडरला सांगितलं तर हेड बदलून मिळतं, वाढीव पैसे न घेता मुदतवाढही मिळू शकते. शेवटच्या पंधरवड्यात मागितलं तर बहुधा मिळत नाही, आणि घाईघाईत केलेली खरेदी ऑडिटरला बरोबर दिसते.

रात्रपाळी

मी क्लिनिकमध्ये काम करते. निधी गोळा करण्याचा अनुभव नाही, पण निधीच्या अटींचा परिणाम खाली काय होतो ते रोज बघते. ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रस्तावात 'इतक्या बायकांनी तांबी बसवून घेतली' असं उद्दिष्ट कृपया लिहू नका. कागदावर तो फक्त आकडा असतो. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला तो आकडा अपुरा असला की सल्ला देणाऱ्या मुलीच्या बोलण्यात फरक पडतो. समोरच्या बाईला गोळ्या हव्या असतात, कधी काहीच नको असतं, नवऱ्याशी बोलून येते म्हणते, आणि ही मात्र तांबीचे फायदे सांगत राहते. बाईला ते कळतं. ती परत येत नाही, आणि तिच्या जावेलाही येऊ देत नाही.

१९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलेला कृती कार्यक्रम याच दिशेने होता: लोकसंख्येची उद्दिष्टं बाजूला ठेवून बाईचा हक्क आणि तिची निवड. अमेरिकेच्या कुटुंबनियोजन मदतीला १९९८ पासून टीआर्ट दुरुस्ती नावाची कायदेशीर अट लागू आहे. तिच्यानुसार सेवा देणाऱ्याला साधनं स्वीकारणाऱ्यांचा कोटा ठरवून देता येत नाही, आणि कुणी साधन स्वीकारावं म्हणून त्या व्यक्तीला किंवा कर्मचाऱ्याला पैसे, बक्षीस देता येत नाही. तुमचा फंडर दुसरा असला तरी ही अट तुम्ही स्वतःहून प्रस्तावात घाला.

मग मोजायचं काय? सल्ला मिळालेल्या किती, त्यांना किती साधनांची माहिती मिळाली, त्रास झाला तर काय करायचं हे सांगितलं का, साधन काढून हवं होतं तेव्हा काढून मिळालं का. शेवटचा प्रश्न जरूर ठेवा. बसवून देण्याचे पैसे मिळतात आणि काढून देण्याचे मिळत नाहीत, असं बजेट असेल तर ते चुकीचं बजेट आहे.

पोच

रात्रपाळी, पूर्ण सहमत. यात एक भर घालते.

बरेच फंडर 'दांपत्य-संरक्षण वर्षं' हा आकडा मागतात. दिलेल्या साधनांमधून एका जोडप्याला किती वर्षं संरक्षण मिळतं याचा तो अंदाज असतो. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे चार डोस म्हणजे एक वर्ष. तांबी एकदा बसवली की एका झटक्यात काही वर्षं हिशेबात जमा होतात. म्हणजे ज्या संस्थेकडे बायका गोळ्या आणि निरोध जास्त मागतात तिचा आकडा आपोआप लहान दिसतो, सेवा कितीही चांगली असो. एकूण पुरवठ्याचं चित्र कळायला हा आकडा ठीक आहे. पण दोन संस्थांची किंवा दोन कार्यकर्त्यांची तुलना त्यावर होऊ देऊ नका. मागितला तर द्या, आणि शेजारी साधनांची विभागणी द्या.

थेंबेथेंबे

वैयक्तिक देणग्यांबद्दल माझ्याकडून.

टक्केवारीवर माणूस नेमू नका. निधी उभारणाऱ्यांच्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या नीतिसंहितेत जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायला आणि द्यायला मनाई आहे, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. टक्केवारी असली की आज मोठी रक्कम काढून घेण्यावर भर येतो, माणूस पुढच्या वर्षी आपल्याबरोबर राहील का याची काळजी कुणी करत नाही. शिवाय आपण दिलेल्या पैशातला मोठा वाटा एजंटाला गेला हे देणगीदाराला कळलं की तो कायमचा तुटतो. पगारावर माणूस ठेवा, अर्धवेळ असला तरी चालेल.

छोट्या संस्थेने दरमहा देणाऱ्यांवर जोर द्यावा. रक्कम लहान असली तरी पुढच्या महिन्यात येणार आहे हे माहीत असतं, आणि ती कोणत्याही हेडला बांधलेली नसते. दोन अनुदानांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत क्लिनिक उघडं राहतं ते याच मोकळ्या पैशावर. विश्वस्तांना हे असंच सांगा. अनुदान किती मोठं मिळालं यापेक्षा मोकळा पैसा किती महिने पुरेल हे त्यांनी प्रत्येक बैठकीत विचारावं. तीन ते सहा महिन्यांचा खर्च राखीव हवा असं साधारण मानतात. एकदम होत नाही, पण दर वर्षी थोडा बाजूला टाकायचा ठराव तरी करून ठेवा.

आवाहनाचा मजकूर जपून लिहा. 'नवजात बाळांच्या वजनकाट्यांसाठी मदत करा' असं लिहिलंत की आलेला प्रत्येक पैसा काट्यांचाच झाला. काट्यांना लागतील त्यापेक्षा जास्त जमले तर उरलेल्या पैशातून तुम्ही पगार देऊ शकत नाही, कारण देणाऱ्याने तुमचा शब्द वाचून दिलेत. म्हणून खाली एक वाक्य ठेवा: 'गरजेपेक्षा जास्त रक्कम जमल्यास ती माता-बाल आरोग्याच्या आमच्या इतर सेवांसाठी वापरली जाईल.' लहान अक्षरांत नको, मजकुराच्याच टायपात.

पावती आणि आभार लगेच पाठवा, दोन दिवसांच्या आत. आणि पुढची मागणी करण्याआधी निदान एकदा तरी नुसतं काम कळवा, काहीही न मागता.

रात्रपाळी

आवाहनांचा विषय निघालाय तर फोटोंबद्दल बोलूया. मला याचा खरंच त्रास होतो.

तपासणीच्या टेबलाशी उभं राहून बाईला 'फोटो काढू का' विचारलं तर ती नाही म्हणत नाही. समोर डॉक्टर आहे, औषध मिळायचंय, ती नाही कशी म्हणेल? ती संमती मी संमती मानत नाही. सेवा संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, सेवा देणाऱ्या माणसाने नव्हे तर दुसऱ्या कुणीतरी विचारावं. फोटो कुठे दिसणार ते तिला दाखवावं, आणि नंतर नको वाटलं तर कुणाला सांगायचं तेही सांगावं.

गर्भनिरोधकं, गर्भपात, घरातली मारहाण, लैंगिक आजार यांबद्दल आलेल्या बाईचा फोटो कधीच नको, ती हो म्हणाली तरी. नाव बदललं म्हणजे काम झालं असंही नाही. 'तीन मुलींची आई, नवरा ट्रक चालवतो, चौथ्या खेपेला जुळी झाली', एवढं लिहिलं की तिच्या वस्तीत प्रत्येकाला कळतं. अशा वेळी कार्यकर्तीची गोष्ट सांगा. दिवसभर ती काय करते, काय अडतं, काय सुटतं. देणगीदार तेही मन लावून वाचतात.

दुहेरीनोंद

कंपनीच्या शिबिरांवर अजून कुणी बोललं नाही. मी थोडं वेगळं मत मांडतो. पैसा चांगल्या कामाला लागतोय, बॅनरवर नाव लहान ठेवायचं, त्यांचा माल वाटायचा नाही. एवढी काळजी घेतली तर घ्यायला काय हरकत आहे? छोट्या संस्थांना निवड करायची चैन नेहमी परवडत नाही. शिबिर झालं नाही तर नुकसान त्या बायकांचंच.

रात्रपाळी

दुहेरीनोंद, तुमची कळकळ समजते, पण या बाबतीत मी ठाम आहे.

जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. २०१६ च्या ठरावाबरोबर आलेल्या मार्गदर्शनात तर हितसंबंधांचा मुद्दा सरळ मांडलाय: लहान मुलांचे खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांनी आरोग्यसेवकांना आणि संस्थांना भेटी देऊ नयेत, त्यांच्या बैठका, कार्यक्रम प्रायोजित करू नयेत, आणि आरोग्यसेवक, व्यावसायिक संघटना, स्वयंसेवी संस्था यांनीही ते स्वीकारू नये. मग बॅनरवर नाव लहान असून काय उपयोग? तुमची कार्यकर्ती सकाळी सांगणार की सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, आणि ज्या मांडवात ती बोलतेय त्याचे पैसे बाळांच्या खाद्याचा डबा विकणाऱ्यांनी दिलेले असणार. दूध कमी येतंय असं वाटून घाबरलेली आई तोच डबा घेते, कारण तो ओळखीच्या ठिकाणी दिसलेला असतो. कंपनीला शिबिरात हेच तर हवं असतं.

पोच

रात्रपाळीशी सहमत. यात व्यवहाराची बाजूही आहे. स्तनपानावर पैसा देणारे गंभीर फंडर हे तपासतात. एका शिबिराच्या खर्चासाठी पुढची दारं बंद होतील.

ओटी, प्रत्येक वेळी विश्वस्तांशी वाद घालायला लागू नये म्हणून एक पानाचं देणगी-स्वीकार धोरण मंजूर करून घ्या. कुणाकडून घ्यायचं नाही (बाळांच्या खाद्यपदार्थांच्या, तंबाखूच्या कंपन्या), कुणाकडून विचार करून घ्यायचं (औषधं आणि साधनं बनवणाऱ्या कंपन्या, कारण तुम्ही त्यांचीच साधनं सुचवत असाल), आणि कोणत्या रकमेच्या वरचा निर्णय विश्वस्तांकडे जाईल. असं लेखी धोरण असलं की नकार व्यक्तीचा उरत नाही, संस्थेचा होतो, आणि समोरच्यालाही तो पचतो.

वस्तूंच्या देणगीलाही हेच लागू. औषधांच्या देणग्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्यानुसार देणगीची औषधं देशात पोचल्यावर त्यांची मुदत संपायला निदान एक वर्ष बाकी असायला हवं. तुम्ही न मागितलेल्या, मुदत संपत आलेल्या खोक्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च तुमच्याच अंगावर येतो.

दुहेरीनोंद

प्रायोजकत्व संस्थांनीही घेऊ नये हे मला माहीत नव्हतं. संहिता फक्त जाहिरातींपुरती आहे असं वाटत होतं. मग शिबिराचा आकार लहान करून स्वतःच्या पैशात करणं बरं.

सातबारा_नको

अटींचा विषय आहे म्हणून परदेशी सरकारी पैशाबद्दल लिहिते, कारण कुटुंब आरोग्याइतका राजकारणाचा फटका क्वचितच कुठल्या क्षेत्राला बसतो.

१९८४ च्या मेक्सिको सिटीतल्या लोकसंख्या परिषदेत अमेरिकेने जाहीर केलं की ज्या परदेशी संस्था गर्भपाताची सेवा देतात किंवा त्याचा पुरस्कार करतात त्यांना कुटुंबनियोजनाची मदत मिळणार नाही, ते काम त्या दुसऱ्या कुणाच्या पैशातून करत असल्या तरी. १९९३ मध्ये हा नियम उठला, २००१ मध्ये परत आला, २००९ मध्ये उठला, २०१७ मध्ये परत आला आणि आणखी विस्तारला, २०२१ मध्ये उठला, २०२५ मध्ये पुन्हा आला. म्हणजे पाच वर्षांचं अनुदान घेतलं तर त्याच्या पोटात नियम बदलण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं.

आणि २०२५ मध्ये तर नुसता नियम बदलला नाही, पैसाच थांबला. २० जानेवारीला अमेरिकेची परदेशी मदत नव्वद दिवस स्थगित करण्याचा आदेश निघाला, पाठोपाठ चालू प्रकल्पांना काम थांबवायच्या सूचना गेल्या, आणि त्यातले बहुतेक करार पुढे रद्दच झाले. झालेल्या खर्चाची भरपाई नंतर मिळणार अशा करारावर ज्यांनी कर्मचारी ठेवले होते त्यांचे सगळ्यात हाल झाले, कारण खर्च होऊन गेलेला होता. ज्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांचे आकडे आपण सगळे प्रस्तावात वापरतो, १९८४ पासून अमेरिकेच्या पैशावर चालत आलेला तो कार्यक्रमही तेव्हा थांबवला गेला.

म्हणून करार वाचताना दोन कलमं आधी शोधा. करार रद्द झाला तर किती दिवसांची नोटीस मिळेल आणि तोवर दिलेल्या शब्दांचे, म्हणजे पगार, भाडं, मागवलेलं साहित्य, यांचे पैसे कोण देणार? आणि हप्ता आगाऊ येणार की खर्च झाल्यावर? भरपाईचं अनुदान घ्यायचं तर दोन-तीन महिने स्वतःच्या पैशावर चालायची ताकद हवी. ती नसेल तर आगाऊ हप्ता मागा, नाही म्हणाले तर आकार लहान करा. कोणत्याही एका स्रोतावर किती टक्के अवलंबून राहायचं याची मर्यादा विश्वस्तांनी ठरवावी असं मला मनापासून वाटतं.

ओटी

सगळ्यांचे खूप आभार. धागा छापून विश्वस्तांच्या बैठकीत नेला.

कंपनीला नम्रपणे नकार कळवलाय. धोरणाचा मसुदा पोच यांनी सांगितल्याप्रमाणे एका पानात बसला. फंडरशी फोनवर बोलले. मातामृत्यूचा हिशेब मांडल्यावर त्यांच्या अधिकारी बाई म्हणाल्या की त्यांच्याकडच्या फॉर्ममध्ये तो रकाना आधीपासून आहे, पण त्याजागी 'पाठवलेल्यांपैकी रुग्णालयात पोचलेल्या' हा निर्देशांक चालेल. मुदत अठरा महिन्यांवर आली आहे. चोवीस नाही मिळाले. म्हणून स्तनपानाचे सहा महिने फक्त सुरुवातीच्या महिन्यांत नाव नोंदवलेल्या बायकांपुरतेच मोजू असं लिहिलंय. टक्केवारीवरच्या माणसाचा विषय विश्वस्तांनी पुढच्या बैठकीवर ढकललाय, तिथे मला थेंबेथेंबे यांचा मुद्दा पुन्हा मांडावा लागणार.

आता एकच प्रश्न. संपत आलेल्या अनुदानातून घेतलेली रक्तदाबाची यंत्रं आणि लसींचा फ्रिज यांचं काय होतं? नवीन प्रकल्पात वापरता येतील का?

कीर्दखतावणी

करारात 'मालमत्ता' किंवा 'साधनसामग्री' असं कलम असतं, ते बघा. काही फंडर वस्तू संस्थेकडेच ठेवतात, काहींची लेखी परवानगी लागते, काही परत मागतात. कलमच नसेल तर मुदत संपायच्या आत पत्र लिहून विचारा आणि उत्तर फाइलला लावा. तोवर प्रत्येक वस्तूचा क्रमांक, खरेदीची तारीख, कोणत्या अनुदानातून घेतली आणि सध्या कुठे आहे, याची नोंदवही पूर्ण करा. फ्रिजसोबत त्याच्या तापमानाच्या नोंदींची वहीही जपा, पुढचा फंडर ती मागेल.

आणि नवीन बजेटमध्ये तोच फ्रिज पुन्हा खरेदीत टाकू नका. दुरुस्तीचं आणि विजेचं हेड मात्र टाका, ते जुन्यात राहून गेलेलं असतं.